मी टाकलं होतं ग्रुपवर

गुरुवारची रात्र, साडेअकरा. खाली टँकर रिकामा होतोय, त्याच्या मोटारीची घरघर चौथ्या मजल्यापर्यंत येतेय आणि मी फोनवर समुद्र बघतोय. आमच्या नेऱ्यापासून समुद्र सरळ रेषेत धरला तरी ऐंशी-नव्वद किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. गाडीने ताम्हिणी उतरून, माणगाव, म्हसळा करत किनाऱ्याला पोचायला चार तास लागतात. स्क्रीनवर मात्र तो आत्ता माझ्या अंगठ्याखाली आहे. रविवार, सकाळी सहा. लाटेची उंची १.४ मीटर. पिरियड १७ सेकंद. दिशा दक्षिण-नैऋत्य. वारा जमिनीकडून, अगदी मंद.

सर्फिंगचं वेड लागलेल्या माणसाला अशी ओळ दिसली की झोप येत नाही. रायगडच्या किनाऱ्यावर इतकी स्वच्छ लाट वर्षातून मोजक्या वेळा मिळते. आणि त्याच वेळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे अकरा माणसं आहेत आणि त्यांतल्या सात जणांना नीट पोहता येत नाही, तिथे मेसेज येऊन पडलेत. ‘रविवार फिक्स ना?’ ‘तू बघून सांग रे.’ ‘तू सांगशील तसं.’

हे ‘तू सांगशील तसं’ गेलं वर्षभर माझ्या डोक्यात अडकून बसलंय. त्याबद्दल लिहायचंय.

आधी आकडे, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. रविवारी येणारी ही लाट आपल्याकडच्या वाऱ्याने उठलेली नाही. तिकडे खूप दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या महासागरात वादळं होतात. वादळ तिथेच विरतं, त्याने उठवलेल्या लाटा मात्र निघतात आणि चालत राहतात. लांबच्या प्रवासात त्या आपोआप चाळल्या जातात. पिरियड म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ. तो ज्यांचा मोठा त्या लाटा पुढे पळतात, बाकीच्या मागे रेंगाळतात. १७ सेकंदांच्या लाटांचा घोळका खोल समुद्रात ताशी साधारण ४८ किलोमीटरने सरकतो. म्हणजे साडेसात हजार किलोमीटर कापून कोकणात यायला त्याला साडेसहा दिवस लागतात. रविवारी सकाळी जी लाट माझ्यासमोर फुटेल ती आज, मी हे लिहीत असताना, विषुववृत्ताच्या दक्षिणेला कुठेतरी निवांत चालत असेल.

ऋतू बदलला की समुद्राचं माहेरही बदलतं. हिवाळ्यात इराण-अरबस्तानकडचा शमाल वारा वायव्येकडून लाटा पाठवतो. पावसाळ्यात नैऋत्य मोसमी वारे स्वतःच सगळं घुसळून काढतात, तेव्हा सर्फिंगचा विषय संपतो. आणि रोजचा खेळ म्हणजे शाळेच्या भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे. रात्री-पहाटे जमिनीकडून वाहणारा मतलई वारा लाटेचा माथा जरा धरून ठेवतो, लाट गुळगुळीत राहते. अकरा वाजले की खारा वारा सुरू होतो आणि पाण्याचा चुरा करतो. परीक्षेत दोन मार्कांपुरती असलेली ही जोडी पुढे आयुष्यात इतकी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आता उंची. १.४ मीटर म्हणजे कमरेच्या जरा वर, इतकंच ना? तसं नाही. अंदाजात दिलेली उंची ही ‘लक्षणीय उंची’ असते, म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. तिच्याहून लहान लाटा पुष्कळ येतात, आणि हजार लाटांमागे एखादी जवळजवळ दुप्पट येते. शिवाय ही उंची खुल्या समुद्रातली. लाट किनाऱ्याजवळ आली, तळाला घासायला लागली की तिचं रूप पालटतं, आणि ते कसं पालटेल हे पिरियड ठरवतो. ८ सेकंदांच्या लाटेला साधारण ५० मीटर खोलीवर तळ जाणवायला लागतो. १६ सेकंदांच्या लाटेला २०० मीटरवरच. उंची तीच असली तरी १६ सेकंदांची लाट ८ सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट ऊर्जा किनाऱ्याकडे घेऊन येते.

हे असं मोजायला माणूस शिकला त्याचं कारण सर्फिंग नव्हतं, युद्ध होतं. व्हिएन्नात जन्मलेला वॉल्टर मंक हा तरुण समुद्रशास्त्रज्ञ १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याच्या कामात होता. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर उतरण्याचा सराव चालला होता. लाटा जरा वाढल्या की होड्या आडव्या व्हायच्या आणि सराव थांबवावा लागायचा. सैन्याला उतरायचं होतं वायव्य आफ्रिकेत, जिथे लाटा त्याहून मोठ्या असतात. मंक आणि त्याचे गुरू हॅराल्ड स्वेर्द्रुप यांनी लाटांच्या अंदाजाची पद्धत बसवली, ती तिथे वापरली गेली आणि पुढे नॉर्मंडीतही. १९६३ साली मंकने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडून दाखवलं की दक्षिणेतल्या वादळाच्या लाटा अख्खा प्रशांत महासागर ओलांडून जातात. १०१ वर्षं जगून तो २०१९ मध्ये गेला. माझ्या फोनवरची ही ओळ त्याची पणती म्हणायला हरकत नाही. पण एक फरक आहे. मंकच्या अंदाजावर निर्णय घेणारा सेनापती आणि त्या होडीत बसणारा शिपाई वेगवेगळे होते. शिपायाला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या ग्रुपवर निदान ‘तू बघून सांग’ असं म्हणतात, आणि तिथेच माझी पंचाईत होते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही सहा जण गेलो होतो. किनाऱ्याचं नाव लिहीत नाही, त्यात किनाऱ्याचा काही दोष नव्हता. अंदाज होता १.१ मीटर, १६ सेकंद. मी गोव्यात अश्वेला सर्फिंग शिकलो, त्यामुळे हे आकडे वाचता येणारा गटात मी एकटाच. शुक्रवारी रात्री मी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. खाली लिहिलं, ‘पिरियड १६ आहे, मस्त! पाण्यात जरा लक्ष ठेवा’ आणि एक हसरा चेहरा. चार जणांनी अंगठा दिला.

रविवारी सकाळी नऊला पोचलो तेव्हा समुद्र झोपलेला होता. खरंच. मैत्रीण म्हणालीसुद्धा, ‘ह्याच्यासाठी पहाटे चारला उठवलंस?’ लांब पिरियडची लाट अशीच फसवते. लाटा घोळक्याने येतात. एका घोळक्यात पाच-सहा, आणि मग दहा-पंधरा मिनिटं काही नाही. सपाट पाणी, लहान मुलं खेळतील असं. लोक नेमके त्या वेळात आत जातात.

माझा मावसभाऊ, एकोणीस वर्षांचा, लातूरकडे वाढलेला, तेव्हा नुकताच हिंजवडीत इंटर्नशिपला आला होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून व्हिडिओ काढत होता. त्याने जागाही शहाण्यासारखी निवडली होती: दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये फेस नसलेला, शांत, जरा गडद पट्टा. तो तिथे उभा राहिला. वाळूच्या किनाऱ्याची अडचण हीच आहे. लाटा वाळूच्या बांधावर फुटतात, पाणी आत लोटतात, आणि ते पाणी परत जाताना बांधातल्या खिंडीतून जातं. खिंडीत खोली जास्त, म्हणून तिथे लाट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत दिसते. समुद्रात परत जाणाऱ्या पाण्याचा रस्ता आहे तो. त्यात भर म्हणजे ओहोटी चालू होती.

घोळका आला. पहिल्या लाटेने त्याचे पाय सुटले, दुसरीने तो आडवा झाला, आणि तिसरी येईपर्यंत तो आमच्यापासून तीस-चाळीस मीटर लांब होता. मी बोर्डवर होतो, पण त्याच्या दुसऱ्या बाजूला, फेसाच्या पलीकडे. मला तो दिसतच नव्हता. वॉटर स्पोर्ट्सची बोट चालवणाऱ्या दोन पोरांनी त्याला ओढून काढलं. दोघांपैकी एकाचं वय माझ्या भावाइतकंच असेल. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त माझ्या बोर्डकडे बघून म्हणाला, ‘तुम्हाला तर कळतं ना पाण्यातलं?’

परतताना ताम्हिणीच्या चढावर गाडीत कुणी बोलत नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, ‘मी टाकलं होतं ग्रुपवर.’ मागच्या सीटवरून भाऊ अगदी साधेपणाने म्हणाला, ‘हो दादा, बघितलं मी. मला वाटलं ते तुझ्या सर्फिंगचं आहे.’

मावशीला आम्ही हे सांगितलेलं नाही. अजूनही नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस मी मनातल्या मनात खटला चालवला. आरोपीचा वकीलही मीच. बचाव भक्कम होता. माहिती खरी होती. वेळेवर दिली होती. सगळ्यांना दिली होती. कुणापासून काही लपवलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा मुलगा सज्ञान असतो. पुरावा म्हणून निळ्या टिका होत्या. आपल्याकडे ‘सांगितलं होतं’ या दोन शब्दांत किती जबाबदाऱ्या उतरवून ठेवतात लोक! डॉक्टर फॉर्मवर सही घेतात, बिल्डर बारीक अक्षरात लिहितो, सोसायटीचा चेअरमन लिफ्टजवळ कागद चिकटवतो. कागद चिकटला की चिकटवणारा सुटला.

या बचावाला भोक कुठे आहे ते मला एका दीडशे वर्षं जुन्या निबंधात सापडलं. विल्यम क्लिफर्ड हा इंग्लिश गणिती. १८७७ साली त्याने श्रद्धेच्या नीतीवर लिहिलं आणि सुरुवातीलाच एका जहाजमालकाची गोष्ट घेतली. जहाज जुनं आहे, दुरुस्ती मागतंय, आणि त्यातून देशांतराला निघालेली माणसं जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते. दुरुस्ती खर्चाची. तो हळूहळू स्वतःला पटवतो की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. पटतंही त्याला, अगदी मनापासून. जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता म्हणून तो सुटत नाही, कारण त्या विश्वासाचा हक्क त्याने कमावलेला नव्हता, शंका दाबून तो मिळवला होता. आणि पुढे आणखी कडक: जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी.

पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, माझा याच्याशी संबंध नाही. मी कुठे शंका दाबली? मी तर आकडा दिला. मग मी फोनमधला तो जुना मेसेज पुन्हा उघडला. ‘मस्त!’ आधी आणि ‘लक्ष ठेवा’ नंतर. ‘जरा’ हा शब्द. हसरा चेहरा. हे असं का लिहिलं होतं? कारण सरळ आहे, लिहायला लाज वाटते इतकंच. मला जायचं होतं. माझ्याकडे बोर्ड होता, गाडी नव्हती. ‘रविवारी पाणी न पोहणाऱ्यांसाठी धोक्याचं आहे’ असं लिहिलं असतं तर सहापैकी तिघं गळले असते, गाडीवाला त्यांतलाच, आणि माझी वर्षातली एक चांगली लाट गेली असती. खोटं मी एक अक्षरही लिहिलं नाही. खऱ्या गोष्टीला मी माझ्या सोयीचा आवाज दिला. सोळा सेकंद हा माझ्यासाठी आनंदाचा आकडा होता आणि त्याच्यासाठी धोक्याचा. मी तो माझ्या भाषेत पाठवला आणि त्याने तो बरोबर वाचला: हे दादाच्या सर्फिंगचं आहे.

म्हणजे माझी चूक माहिती न देण्याची नव्हतीच. माझ्या इशाऱ्यात माझा स्वार्थ मिसळलेला होता, आणि इशारा देण्याची जबाबदारी पुरी केल्याचं समाधानही मी वर घेतलं होतं.

मराठीत ‘इशारा’ म्हणजे धोक्याची सूचना आणि ‘इशारा’ म्हणजे खुणावणंही. आमच्या ग्रुपवर मी दुसरा प्रकार केला होता.

इथे कुणी म्हणेल, मग सोपं आहे, धोका दिसला की सरळ ‘जाऊ नका’ म्हणायचं. मलाही काही महिने तसंच वाटलं. एकदा मी असं सांगून ट्रिप रद्द करायला लावली. रविवारी दिवसभर तिथला समुद्र पाण्याच्या थाळीसारखा होता. आम्ही ज्यांच्याकडे उतरतो त्या काकांच्या तीन खोल्या रिकाम्या गेल्या. काकूंनी सकाळी बाजारातून सुरमई आणून ठेवली होती. काका फोनवर म्हणाले, ‘तुमचं यंत्र तुम्हाला पुण्यात बसून घाबरवतं. आमचं काय?’ ते रागावले नव्हते, हिशोब सांगत होते. मुंबईपासून कोकणापर्यंत अंदाजाच्या पुढे ठेवलेला पैसा नेहमी दुसऱ्याचाच असतो. होडी न सोडणाऱ्या माणसाचा दिवस जातो. डिझेल भरलेलं असतं, बर्फ घेतलेला असतो, खलाशांना द्यायचं असतं. हवामान खात्याच्या अंदाजावर छत्रीचे विनोद करणं आपल्या मराठी करमणुकीचं जुनं कुरण आहे. पण चुकीच्या ‘नको’ची किंमत जो मोजतो त्याला तो विनोद तितका हसवत नाही.

‘नको’ म्हणणाऱ्याला ‘नको’ म्हणायला काही लागत नाही, हेही खरं. सरसकट बंदीचा फलक लावणं हा पुष्कळदा लोकांना वाचवण्यापेक्षा स्वतःला वाचवण्याचा मार्ग असतो. तोही एक मोठ्या आकाराचा ‘मी टाकलं होतं ग्रुपवर’च. वर्षभर लाल फलक असला की ज्या दिवशी तो खरा असतो तो दिवस ओळखू येत नाही.

अंदाज वर्तवण्याच्या या पेचात पहिल्यांदा सापडलेला माणूस बहुधा रॉबर्ट फिट्झरॉय. डार्विन ज्या जहाजातून फिरला त्या बीगलचा हा कप्तान. १८५९ मध्ये रॉयल चार्टर नावाचं जहाज वादळात वेल्सच्या किनाऱ्याशी फुटलं, चारशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर त्याने तारायंत्राने वादळाचे इशारे बंदरांना पाठवायला सुरुवात केली आणि १८६१ पासून वर्तमानपत्रात हवामानाचे अंदाज छापून येऊ लागले. ‘फोरकास्ट’ हा शब्द या अर्थाने त्यानेच रूढ केला, कारण त्याला भविष्यवाणी म्हणायचं नव्हतं. आपला ‘अंदाज’ शब्द या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. चूक होऊ शकते हे त्याच्या पोटातच असतं. अंदाज चुकले की लोक हसायचे, शास्त्रज्ञ नाकं मुरडायचे. १८६५ मध्ये फिट्झरॉयने आत्महत्या केली. त्याच्यावर कर्जही होतं, प्रकृतीही ढासळली होती, त्यामुळे सगळं खापर अंदाजांवर फोडता येणार नाही. पुढे इशारे बंद झाले. आणि वर्षभरात ते पुन्हा सुरू करावे लागले, कारण समुद्रावर जाणाऱ्यांनीच ते परत मागितले. चुकणारे इशारेसुद्धा त्यांना हवे होते. मला यात दिलासा वाटतो, कारण इशारा चुकला की लोक कायमचे पाठ फिरवतात ही भीती तितकी खरी नसावी. निर्णय आपल्या हातात ठेवून कुणी माहिती देत असेल तर माणसं चूक पोटात घालतात.

निर्णय हातात असणं, हे मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ ही बार्ज बुडाली. २६१ माणसं होती तिच्यावर: वेल्डर, फिटर, स्वयंपाकी. सत्तरच्या आसपास गेली. वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून होते. अंदाज चुकलाच नव्हता. पण जो वेल्डर रात्रभर लाइफ जॅकेट घालून पाण्यात तरंगला, त्याला बार्ज किनाऱ्याकडे न्यायची की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. इशारा त्याच्या डोक्यावरून गेला आणि त्याच्यापर्यंत लाट पोचली. फोनवर समुद्राचे रंगीत नकाशे बघताना मला कधीकधी हे आठवतं. मंकच्या होडीतल्या शिपायापासून इथवर फार अंतर पडलेलं नाही.

आता आपल्याकडे इशाऱ्यांची कमी नाही. हैदराबादला इन्कॉइस ही संस्था आहे, भारताच्या किनाऱ्यासाठी लाटांचे अंदाज ती देते. तिचं ‘समुद्र’ नावाचं ॲप आहे. मोबाइलची रेंज संपते तिथल्या होड्यांना उपग्रहातून सूचना पोचवणारं ‘जेमिनी’ हे यंत्र २०१९ मध्ये आलं. केरळात या दूरवरून येणाऱ्या लाटांना ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र: वारा नाही, ढग नाही, आणि पाणी घरात. कोळ्यांचा तो शब्द २०१२ मध्ये युनेस्कोने स्वीकारला, आणि इन्कॉइसचे इशारे आता त्याच नावाने निघतात. तरीही ६ मे २०२४ ला कन्याकुमारीजवळच्या लेमूर बीचवर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. इशारा त्या दिवशी लागू होता. आणि १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडला सहलीला गेलेले पुण्यातले चौदा विद्यार्थी. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही ती तारीख विसरता येत नाही. या मुलांच्या बाबतीत कुणाचं काय चुकलं हे सांगण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त माझ्या मागच्या सीटवरचं ते वाक्य ऐकतो, आणि वाटतं, हैदराबादहून निघालेल्या इशाऱ्याचा शेवटचा टप्पा बहुतेक वेळा कुणीतरी माझ्यासारखाच असतो. गटातला एक जण, ज्याला थोडंफार कळतं. तो कसा बोलतो यावर खूप काही अवलंबून असतं, आणि त्याला स्वतःला काय हवं आहे यावर तो कसा बोलतो ते.

काकांना हे माझ्यापेक्षा बरं जमतं. ते पिरियड वगैरे बोलत नाहीत. त्यांच्याकडे पंचांग आहे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मी ॲपशी ताडून बघितलंय, आमच्या किनाऱ्यावर अर्ध्या-पाऊण तासाच्या आत बसतं. पण त्यांचं खरं कौशल्य वेगळंच. पाहुणा आला की आधी ते त्याला विचारतात, ‘पोहता येतं? कुठे शिकलात, विहिरीत की टाकीत?’ मग पोरं बरोबर आहेत का बघतात. आणि मग सांगतात: ‘त्या सुरूच्या झाडासमोर उतरू नका, जेवून आल्यावर उतरा, इथपर्यंत,’ असं म्हणून हात मांडीवर ठेवतात. आकडा त्यांनी समोरच्याच्या अंगावर मोजून दिलेला असतो. स्वतःचा धंदा बुडू नये ही इच्छा त्यांनाही आहेच. पण त्यांनी ती लपवलेली नाही, शेजारी ठेवलेली आहे.

तर, आज गुरुवार. येत्या रविवारी पौर्णिमेनंतरची द्वितीया, म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि सकाळी सात-सव्वासातला पाणी सगळ्यात खाली. उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी खूप आत जाणार आणि खूप वर येणार. १.४ मीटर, १७ सेकंद. गेल्या वर्षीपेक्षा जास्त. मला जायचंय. हे मी आधी स्वतःशी कबूल केलं आणि मग काकांना फोन लावला. एवढ्या रात्री ते जागे असतात, क्रिकेट बघतात.

‘पावसाळ्यानंतर वाळू सरकलीय,’ ते म्हणाले. ‘खड्डा आता सुरूसमोर नाही, मंदिराच्या अंगाला गेलाय. तुमच्या यंत्रात दिसणार नाही ते.’

मग मी ग्रुपवर काही टाकलं नाही. मावसभावाला फोन केला. तो आता वाकडला राहतो, नोकरी लागलीय, पोहायचे क्लास लावले होते पण दोन महिन्यांत सोडले.

‘ऐक,’ मी म्हणालो. ‘रविवारी पाणी गेल्या वेळेपेक्षा मोठं आहे. आधी दिसणार नाही. दहा-पंधरा मिनिटं काहीच होणार नाही आणि मग एकदम पाच-सहा येतील. गुडघाभर पाण्यातसुद्धा पाय सुटतील. मला ते हवंय, म्हणून मी जाणार आहे. तुला तिथे पाण्यात काही काम नाही. तुम्ही आलात तर गाडी मिळते म्हणून मला तुम्ही यावं असंही वाटतंय, तेही सांगून ठेवतो.’

तो जरा वेळ गप्प होता. खाली टँकरची मोटार बंद झाली.

‘गाडी मी देतो ना,’ तो म्हणाला. ‘पाण्यात नाही जाणार. काकूंच्या अंगणात बसेन.’

‘घोटाभर पाण्यात यायचं असेल तर आधी वाळूवर बसून वीस मिनिटं बघायचं. फोनवर घड्याळ लावून. किती वेळाने घोळका येतो ते मोजायचं.’

‘नुसतं बघायचं? वीस मिनिटं?’

‘वीस मिनिटं.’

‘आणि तू? तू पण बसणार की पोचल्या पोचल्या बोर्ड घेऊन पळणार?’

खरं सांगायचं तर मी पोचल्या पोचल्या पळतो. सातच्या आधी पाण्यात उतरायचं, मतलई वारा पडायच्या आत, एवढंच तेव्हा डोक्यात असतं.

‘बसेन,’ मी म्हणालो.

‘मग पहाटे तीनला निघू,’ तो म्हणाला. ‘आणि बाकीच्यांना?’

बाकीचे नऊ जण. ग्रुप उघडा होता, ‘तू सांगशील तसं’च्या खाली कर्सर लुकलुकत होता. साडेबारा वाजत आले होते. मी यादी काढली आणि ज्याला सगळ्यात कमी पोहता येतं त्याच्यापासून सुरुवात करायची ठरवली, उद्या सकाळी, फोन करून.